परदेशप्रवास आणि आरोग्य (लेखांक ३) : निघण्याआधीचे सहा आठवडे

परदेशप्रवासाची वैद्यकीय तयारी विमानाच्या तारखेपासून उलटी मोजत करावी लागते. लस अंगी लागायला दिवस जावे लागतात, दोन मात्रांमध्ये ठरावीक अंतर राखावे लागते, आणि यातले काहीही जादा पैसे मोजून लवकर उरकता येत नाही. म्हणून निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांची गाठ घ्यावी, असे सांगितले जाते. ग्वाल्हेरच्या मुरार भागातल्या रहिवाशाला आणखी एक हिशेब करावा लागतो. महाराजपुऱ्याच्या विमानतळावरून देशांतर्गत उड्डाणेच होतात. परदेशाचे विमान बहुधा दिल्लीहून पकडायचे असते आणि ती वाट सव्वातीनशे किलोमीटरची आहे. नेहमीच्या तपासण्यांसाठी मात्र कुठे लांब जायला नको. मुरारमध्ये जिल्हा रुग्णालय आहे आणि लष्कर भागात गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले जयारोग्य रुग्णालय आहे.

लसीच्या प्रमाणपत्रांमागे मोठा इतिहास आहे. १८१७च्या नोव्हेंबरात लॉर्ड हेस्टिंग्जची फौज दौलतराव शिंद्यांवर दडपण आणण्यासाठी बुंदेलखंडात उतरली होती. छावणीत पटकी शिरली, माणसे पटापट मेली आणि तळ हलवून बेतवाकाठी न्यावा लागला. फौजा, व्यापारी जहाजे आणि यात्रेकरू यांच्याबरोबर रोगही फिरतो, हे त्या शतकात जगाने पुरते अनुभवले. १८५१मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली ती याच धास्तीने. पुढे पटकी आणि देवीच्या लसीचे शिक्के असलेली पिवळी पुस्तिका पासपोर्टइतकीच महत्त्वाची ठरली. पटकीच्या दाखल्याची अट १९७३मध्ये गेली. १९८०मध्ये देवीचे उच्चाटन जाहीर झाल्यावर तो दाखलाही निरर्थक ठरला. पुस्तिका अजून आहे, पण आता ती मुख्यतः पीतज्वरासाठी लागते.

पीतज्वर भारतात कधीच आला नाही. तो पसरवणारा एडिस डास मात्र इथे मुबलक आहे. डेंग्यू पसरवतो तोच हा. विषाणू एकदा आत आला तर डासांची वाण नाही, म्हणून भारत या बाबतीत जगातल्या कडक देशांपैकी आहे. केनिया, युगांडा, नायजेरिया, घाना, काँगो, ब्राझील अशा देशांतून वैध दाखल्याविना परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. काँगो आणि दक्षिण सुदानमध्ये शांतिसेनेवर जाणाऱ्या भारतीय जवानांनाही पीतज्वराची लस घ्यावी लागते. मुरारच्या छावणीच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांतच ती टोचली जाते. दिल्लीत राममनोहर लोहिया रुग्णालय, मंदिर मार्गावरील लसीकरण केंद्र आणि महिपालपूरचे विमानतळ आरोग्य कार्यालय ही तिथली जुनी ठिकाणे. कुपीत अनेकांच्या मात्रा असतात आणि उघडलेली कुपी काही तासांतच संपवावी लागते, म्हणून केंद्रे ठरावीक वारी, आधी नाव नोंदवलेल्यांनाच लस देतात. दाखला दहा दिवसांनी लागू होतो. त्यामुळे विमानाच्या आदल्या दिवशी दिल्ली गाठून लस घेण्याचा बेत कुचकामी ठरतो. ११ जुलै २०१६पासून हा दाखला आयुष्यभर चालतो. दहा वर्षांपूर्वीची पुस्तिका जपून ठेवली असेल तर तीही ग्राह्य धरली जाते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले यांना ही लस सहसा देत नाहीत. साठीनंतर ती पहिल्यांदाच घ्यायची असेल तर गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून प्रवास खरोखर अटळ आहे का, याचा विचार आधी व्हावा.

हज यात्रेकरूंना मेंदूज्वराची चतुर्गुणी लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. पोलिओचे रुग्ण आढळणाऱ्या देशांत जाणाऱ्यांना तोंडी पोलिओची मात्रा चार आठवडे आधी लागते. या देशांची यादी बदलत राहते, म्हणून ती निघण्यापूर्वी पुन्हा तपासावी.

विद्यार्थ्यांची अडचण निराळी असते. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लसीच्या दोन मात्रांचा लेखी पुरावा मागतात आणि दोन्हींत किमान २८ दिवसांचे अंतर असावे लागते. लहानपणीचे लसीचे कार्ड घरबदलात हरवलेले असते. अशा वेळी एकतर दोन्ही मात्रा पुन्हा घ्याव्या लागतात किंवा रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून दाखवावी लागते. क्षयाच्या चाचणीतही एक मेख आहे. भारतात जन्मतःच बीसीजी टोचतात, त्यामुळे मान्टू चाचणी खोटी होकारार्थी येऊ शकते. रक्तावर होणाऱ्या इग्रा चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. विद्यापीठाला चालत असेल तर तीच करून घ्यावी. गोवराची लस आणि मान्टू यांचाही मेळ घालावा लागतो. दोन्ही एकाच दिवशी करावीत, नाहीतर लसीनंतर चार आठवडे थांबावे.

मुरार, लष्कर आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून परदेशी जाणाऱ्यांत मुलाकडे किंवा लेकीकडे काही महिने राहायला निघालेले आईवडील पुष्कळ असतात. त्यांना पीतज्वरापेक्षा स्वतःच्या मधुमेहाची आणि रक्तदाबाची काळजी जास्त घ्यावी लागते, आणि तयारीत दुर्लक्ष होते ते नेमके इथेच. चिवडा, लोणची, मेतकूट यांची बांधाबांध पंधरा दिवस चालते, औषधांची पिशवी मात्र निघण्याच्या रात्री भरली जाते.

इन्सुलिनचे उदाहरण घ्यावे. भारतात कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज मिळते. अमेरिकेत आणि युरोपात १०० युनिटची तीव्रता रूढ आहे, तिची सिरिंज नारिंगी टोपणाची. इथल्या सिरिंजमध्ये तिथले इन्सुलिन २०च्या रेषेपर्यंत भरले तर शरीरात २०ऐवजी ५० युनिट जातात आणि साखर धोकादायक उतरते. उलट केले तर २०ऐवजी आठच युनिट जातात. म्हणून कुपी आणि सिरिंज एकाच जोडीची, आणि पूर्ण मुक्कामाला पुरेल इतकी, इथूनच न्यावी. इन्सुलिन विमानाच्या पोटातल्या सामानात ठेवू नये. तिथे ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे आखडतो. मात्रांच्या वेळा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात. साखरेचे आकडेही परके वाटतात. इथली १८० म्हणजे इंग्लंडच्या यंत्रावरची १०.

औषधाच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाचे नाव टंकलिखित असावे, कारण इथला ब्रँड तिथल्या औषधविक्रेत्याला ठाऊक नसतो. पॅरासिटामॉलला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या सल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात. ट्रामाडॉल आणि कोडीन असलेल्या औषधांवर संयुक्त अरब अमिरातींत कडक निर्बंध आहेत, आणि सर्दीच्या काही साध्या गोळ्याही जपानमध्ये अडवल्या जातात. दुबईला जाणाऱ्यांनी फराळाचा डबाही तपासावा. तिथे खसखस निषिद्ध आहे आणि अनारसे खसखशीवरच थापलेले असतात.

विमा हा तयारीचाच भाग धरावा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे आहे. अमेरिकेला अशी सक्ती नाही, पण तिथला रुग्णालयाचा खर्च पाहता विम्याविना जाणे वेडेपणाच म्हणायला हवे. पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांविषयी काय लिहिले आहे ते बारीक अक्षरांसकट वाचावे आणि आजार लपवू नयेत. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जातो.

विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका राखलेला असतो. निरोग्याला ते जाणवतही नाही. मात्र नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, पोटाची किंवा छातीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर उड्डाणाची तारीख डॉक्टरांनीच ठरवावी. नेत्रपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल तर तो विरघळेपर्यंत उडण्यास सक्त मनाई असते. चार तासांहून लांबच्या उड्डाणात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पाणी पीत राहावे, मधून मधून उठून चालावे.

हिवतापाच्या प्रदेशात जाण्याआधीच गोळ्या सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही चालू ठेवाव्या लागतात. डॉक्सिसायक्लिन परतल्यानंतर चार आठवडे घ्यावी लागते, आणि चूक होते ती इथेच, कारण घरी पोचलेल्या माणसाला गोळीची आठवण राहत नाही. डास चावूच नयेत यासाठी अंगाला लावायचे औषधही सोबत हवे. डेपा नावाचे असे एक औषध ग्वाल्हेरच्याच संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत तयार झाले आहे.

आफ्रिकेतून परतल्यावर ताप आला तर तो साधा ताप समजून घरी काढू नये. फाल्सिपेरम हिवताप बहुधा महिन्याभरात डोके वर काढतो आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर जीव घेतो. अशा तापात डॉक्टरांना आपण कोणत्या देशातून आणि कधी परतलो हे सर्वांत आधी सांगावे, आणि रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.