साकोलीत मासोळी कुठं खावी?

नागपूरहून रायपूरकडे निघालेला प्रवासी शंभरेक किलोमीटरवर साकोलीला पोचतो, तेव्हा बहुधा जेवणाची वेळ झालेली असते. कुणाला पुढे नवेगावबांधला जायचं असतं, कुणाला नागझिऱ्याला. महामार्गावर ‘फ्रेश फिश’, ‘फिश फ्राय’ अशा पाट्या दिसतात आणि गाडीत वाद सुरू होतो. समुद्र इतका लांब, इथं कसली ताजी मासोळी, असं एक म्हणतो. एवढे तलाव आहेत, मग डोळे मिटून खावं, असं दुसरा म्हणतो. या दोन्ही समजुतींमुळे माणसं चुकीच्या ठिकाणी बसतात, किंवा चांगल्या ठिकाणाहून उठून जातात.

“समुद्र नाही, म्हणजे ताजी मासोळी नाही”

सर्वांत जवळचा समुद्र, म्हणजे बंगालचा उपसागर, सरळ रेषेत मोजला तरी साकोलीपासून पाचशे किलोमीटरच्या घरात आहे. म्हणून इथं पापलेट किंवा सुरमई मागवणाऱ्यानं ती गोठवलेली आहे असंच धरून चालावं. पण साकोलीचा भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा आहे. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले ‘मामा तलाव’, सहा हजारांहून जास्त आहेत. यांतले कित्येक कोहळी समाजानं धानाच्या शेतीसाठी बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घातला. 1999 मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तो तलाव तिकडे गेला, पण साकोलीहून तो आजही तासाभराच्या आत आहे. जवळ शिवनीबांध आहे, चुलबंद नदी आहे, पलीकडे गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण आहे आणि पश्चिमेला वैनगंगा.

या पाण्यावर ढिवर समाज पिढ्यान् पिढ्या जगत आला. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारकडे गेले आणि मासेमारी ठेक्यावर आली. आता बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्था तलाव घेतात, त्यात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडतात आणि मोठी झालेली मासोळी काढतात. त्याबरोबर मरळ, वाम, झिंगे असं तलावाचं स्वतःचंही काही जाळ्यात येतं. सकाळी निघालेला रोहू दुपारी पानात, ही चैन मुंबईच्या कित्येक हॉटेलांना जमत नाही, कारण तिथले मोठे ट्रॉलर बरेच दिवस समुद्रात राहून मग बंदरावर येतात. साकोलीत येऊन पापलेटचा हट्ट धरणं मला तरी पटत नाही. इथं तलावाची मासोळी खावी.

“तलावाशेजारचा ढाबा, म्हणजे तलावातलीच मासोळी”

हे मात्र खरं नाही, आणि सगळ्यांत जास्त फसगत इथंच होते. विदर्भातल्या बाजारात येणारा रोहू-कटला मोठ्या प्रमाणावर आंध्र प्रदेशातला असतो. कोल्लेरू सरोवराच्या आसपास, भीमावरमच्या पट्ट्यात तळ्यांचं जाळं पसरलं आहे. तिथून बर्फात भरलेले ट्रक देशभर जातात. पंगस, तिलापिया आणि रूपचंद हे तर मुळात आपल्या देशातले मासे नव्हेत. शेततळ्यांत वाढवून ते बाजारात येतात. ‘लोकल’ म्हणून पंगस कुणी वाढला, तर तो इथल्या एखाद्या तळ्यात वाढलेला असेलही, पण मामा तलावाच्या जुन्या मासोळीशी त्याचं नातं नाही.

आणि कुणी ‘नागझिरा तलावातली मासोळी’ म्हणाला, तर तिथून उठावं. तो तलाव अभयारण्यात आहे. 2013 पासून हा सगळा भाग नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे. तिथं जाळं टाकता येत नाही.

ऋतूही पाहावा लागतो. पावसाळ्यात तलाव तुडुंब भरतात, मासोळी खोल पाण्यात पसरते आणि जाळ्यात फारसं लागत नाही. बोटुकली सोडायची वेळही साधारण तीच. धानाला पाणी दिल्यावर तलाव उतरू लागतात, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तलावावरची खरी काढणी होते. ऑगस्टमध्ये भरल्या तलावाकाठी बसून ‘आत्ताच काढलेला’ मोठा कटला हवा तेवढा मिळत असेल, तर तो कुठून आला हे जरूर विचारा. समुद्री मासोळीचंही तसंच आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून. म्हणून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दोन्हीकडची बंदी एकाच वेळी चालू असते. त्या दिवसांत हॉटेलच्या फळ्यावर ‘ताजी सुरमई’ लिहिलेली दिसली, तर तो फळा वाचून पुढं जावं.

“बर्फातली मासोळी शिळी असते”

ताजेपणा किलोमीटरवर ठरत नाही, वेळ आणि उष्णता यांवर ठरतो. मासा मेला की त्याच्याच पोटातले पाचक रस आणि अंगावरचे जिवाणू त्याला आतून-बाहेरून खाऊ लागतात. शून्य अंशाजवळ हे काम फार मंदावतं. पकडल्याबरोबर नीट बर्फात ठेवलेला रोहू आठवड्याहून जास्त दिवस खाण्याजोगा राहतो. उलट साकोलीच्या मे महिन्यात, चाळीसच्या वर पारा गेलेला असताना, तलावावरून आणलेली मासोळी नुसत्या टोपलीत, ओल्या पोत्याखाली दुपारपर्यंत पडली तर ती बिघडते. तलाव दोन कोसांवर असला तरी फरक पडत नाही. बरीच जाळी संध्याकाळी लावतात आणि पहाटे काढतात. म्हणजे मासा रात्रीच जाळ्यात मेलेला असू शकतो आणि त्याचे तास तेव्हापासून मोजायचे असतात. म्हणून मी आंध्रातल्या बर्फाच्या मासोळीला नावं ठेवत नाही. मला राग येतो तो गावच्या मासोळीला बर्फ न देणाऱ्याचा. त्यानं ढिवराच्या रात्रभराच्या कष्टांची माती केलेली असते.

बर्फही पाहून घ्यावा. खाण्याच्या पदार्थांसाठी लागणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचा हवा. खाण्याजोगा नसलेला, कारखान्यातल्या वापराचा बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात 2018 पासून त्याला निळसर रंग देणं सक्तीचं केलं आहे. मासोळीवर निळसर बर्फ दिसला तर तिथं खाऊ नये.

गोठवलेली मासोळी वाईट, हेही सरसकट खरं नाही. उणे अठरा अंशांवर नीट ठेवलेला मासा सुरक्षित असतो. नुकसान होतं ते वितळवून पुन्हा गोठवण्यानं, आणि वीज गेल्यावर तासन् तास बंद पडलेल्या फ्रीजरनं. वितळून पुन्हा जमलेल्या तुकड्यांच्या पिशवीत तळाशी घट्ट बर्फाचा थर साचलेला दिसतो आणि तळल्यावर मांस भुसभुशीत लागतं.

“जिवंत आहे ना, मग प्रश्नच नाही”

टपात वळवळणारा मरळ पाहून माणूस खूश होतो. मरळ आणि मागूर हवेतूनही श्वास घेतात, म्हणून थोड्या पाण्यात ते बराच काळ जगतात. ते जिवंत आहेत एवढंच त्यावरून कळतं; ते कुठल्या पाण्यात वाढले, हे कळत नाही. मागूरच्या बाबतीत तर विशेष सावध राहावं. आफ्रिकी मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात, तो वाटेल ते खाऊन झपाट्यानं वाढतो आणि तलावात सुटला तर तिथल्या देशी मासोळ्या फस्त करतो. त्याच्या पालनावर देशात 2000 सालीच बंदी आली, तरी तो मिळतो. देशी मागूर आकारानं लहान असतो. दोन-तीन किलोचा मागूर समोर आला तर तो आपला नव्हे. अशा मागुराला ‘नको’ म्हणणं म्हणजे आपल्याच तलावांची राखण करणं.

“चिखलाचा वास येतो, म्हणजे मासोळी घाण”

कोकणातून आलेला पाहुणा पहिल्या घासाला हीच तक्रार करतो. तो वास पाण्यातल्या काही सूक्ष्म शेवाळांनी आणि जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. पहिल्या पावसाच्या मातीला जो वास येतो, तोही याच द्रव्याचा. माणसाच्या नाकाला त्याचा अगदी लवलेशही जाणवतो. तो मासा शिळा असल्याची खूण नव्हे, आणि त्यानं अपायही होत नाही. आंबटानं तो कमी होतो. म्हणून मासोळी चिंचेच्या कोळात किंवा लिंबात घोळवून ठेवण्याची रीत आहे, आणि जाणता स्वयंपाकी ती घाई करून टाळत नाही. शिळ्या माशाचा वास वेगळा असतो, उग्र, नाकात झोंबणारा. ज्याला हे दोन वास वेगळे कळले, त्याला साकोलीत कुणी सहज फसवू शकत नाही.

“झणझणीत रस्सा केला की सगळं मरून जातं”

जिवाणू बहुतेक मरतात, पण त्यांनी आधीच तयार केलेली काही विषं मरत नाहीत. बांगडा, टूना यांसारखे समुद्री मासे उष्णतेत राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामिन साचतं. ते उकळून, तळून, सावजी मसाल्यात शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगाला खाज सुटणं ही त्याची लक्षणं. लोक त्यांना ‘माशाची ॲलर्जी’ समजतात. समुद्रापासून इतक्या दूर बांगडा मागवताना हे लक्षात असावं. रोहू-कटल्यात हा धोका फारसा नसतो. पण तिखटाखाली शिळेपणा लपतो; म्हणून ज्या ठिकाणी फक्त तिखट, गडद, तेलाची तर्री असलेला रस्साच मिळतो आणि साधा तळलेला तुकडा द्यायला नकार मिळतो, तिथं मी सहसा मासोळी मागवत नाही.

“माशी बसली नाही, म्हणजे फॉर्मेलिन”

फॉर्मेलिनची भीती निराधार नाही. जुलै 2018 मध्ये याच कारणावरून गोव्यानं बाहेरून येणाऱ्या मासळीवर तात्पुरती बंदी घातली होती. अन्नात फॉर्मेलिन घालायला परवानगी नाही. पण माश्यांवरून परीक्षा करू नये. थंडगार बर्फावरच्या मासोळीवरही माश्या कमीच बसतात. फॉर्मेलिनची खात्री प्रयोगशाळेत किंवा चाचणीच्या पट्टीनं होते.

 

मग बसावं कुठं?

नाव बघून नाही, तर उत्तरं ऐकून ठरवा. आज कोणती मासोळी आहे, असं विचारा. ‘सगळ्या आहेत’ असं उत्तर आलं तर फ्रीजर बोलतो आहे. ‘आज रोहू आणि थोडे झिंगे, मरळ संपला’ असं उत्तर आलं तर खुर्ची ओढा. कुठल्या तलावाची, कुणाकडून घेतली, सकाळची की कालची, हे विचारलं की रोज मासोळी घेणारा माणूस न अडखळता सांगतो. आंध्रची आहे असं जो सरळ सांगतो, त्याच्यावर जास्त विश्वास ठेवावा.

मग कच्ची मासोळी दाखवायला सांगा. अख्खा मासा असेल तर उत्तम. डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, कल्ले लाल हवेत, पोट फुटलेलं नसावं आणि बोटानं दाबलेली जागा लगेच वर यावी. कल्ल्यांना रक्त फासून लाली आणता येते, म्हणून एकाच खुणेवर जाऊ नका. हॉटेलचा अन्नसुरक्षा परवाना, चौदा आकडी क्रमांकाचा, भिंतीवर लावलेला असायला हवा. तोही पाहून घ्या. शक्य असेल तर दुपारी लवकर जा. जिथं दोनच्या सुमाराला मासोळी संपते, ती जागा रात्री अकरापर्यंत सगळं देणाऱ्या जागेपेक्षा बरी.

वेळ असेल तर आणखी चांगला मार्ग आहे. सकाळी बाजारात ढिवर बायांकडून किंवा मच्छीमार संस्थेकडून मासोळी घ्या आणि ओळखीच्या खानावळीत ती करून द्यायला सांगा. पैसे जाळं टाकणाऱ्याच्या घरी जातात आणि तलाव टिकवायला त्याला कारण राहतं. आणि कुठल्याही ठिकाणी कच्ची मासोळी दाखवायला नकार मिळाला, तर तिथं वरण-भात मागवा.