शेत तेच, तण नवे

आमच्या मामांना जेवणानंतर खर्रा लागायचा. नागपूरकरांना याहून जास्त सांगायला नको. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला जायचा आणि ती पन्नी खिशात टाकूनच मामा कामावर निघायचे. पुढे घास अडकू लागला. आधी पोळी, मग भात, शेवटी पाणीसुद्धा. अन्ननलिकेचा कर्करोग निघाला.

शस्त्रक्रिया मोठी होती. अन्ननलिकेचा बहुतेक भाग काढला आणि जठराचीच नळी करून ती मानेपर्यंत वर ओढून जोडली. मामा दिवसातून सहा वेळा, थोडे थोडे खायला शिकले. पाच वर्षे निर्विघ्न गेली तेव्हा मामींनी पेढे वाटले. मग तपासणीच्या तारखा चुकू लागल्या. ‘बरा झालो ना मी, आता काय पाहाचं?’ असे मामा म्हणत.

सातव्या वर्षी जिभेच्या कडेला एक चट्टा उठला. दुखत नव्हता, पण भरतही नव्हता. मामी रडतच म्हणाल्या, ‘उलटला रे बाबू तो!’ उलटलेल्या कर्करोगाला उपाय नाही, ही आम्हा सर्वांचीच समजूत. त्या समजुतीत दोन महिने गेले.

डॉक्टरांनी तुकडा तपासून सांगितले, ‘हा जुना परतलेला नाही. हा दुसरा आहे, नवा आहे.’

मग त्यांनी समजावले. तोंड, घसा, अन्ननलिका यांचे आतले अस्तर एकाच जातीचे. तंबाखू आणि दारूचा मारा या साऱ्या अस्तरावर वर्षानुवर्षे होतो. एका जागची गाठ काढली तरी बाकीचे शेत तेच राहते आणि त्यात दुसरीकडे तण उगवू शकते. अमेरिकेतील डॉ. स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये तोंडाच्या कर्करोगाचा अभ्यास करून ही कल्पना मांडली होती. असा दुसरा कर्करोग तोंडात, घशात, स्वरयंत्रात, फुफ्फुसात होऊ शकतो. वर ओढलेल्या जठराच्या नळीतही होऊ शकतो. मात्र तो लवकर सापडला तर त्यावर नव्याने, बरे करण्याच्या हेतूने उपचार करता येतात. नळीतला अगदी वरवरचा असेल तर काही वेळा दुर्बिणीतूनच खरवडून काढता येतो.

‘पण तंबाखू तर मी केव्हाच सोडली!’ मामा म्हणाले. खरे होते. ते नुसती सुपारी खात होते. सुपारी एकटीही कर्करोगाला कारण ठरते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केला होता. आमच्या घरात तो पोचलाच नव्हता.

मामांच्या जिभेचा थोडा भाग गेला. बोलणे जरा बोबडे झाले आहे, पण बोलतात. आज नागपुरात मेडिकल आहे, तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याची संस्था आहे. तपासणीसाठी मुंबई गाठावीच लागते असे नाही. तेव्हा ज्यांच्या घरी असे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी पेढे जरूर वाटावेत; तारखा मात्र चुकवू नयेत. तोंडातला चट्टा, बसलेला आवाज, पुन्हा अडकणारा घास दोन-तीन आठवडे टिकला तर घरात बसून अर्थ लावू नये.

‘दोन महिने कुठे होतात?’ असे डॉक्टरांनी विचारले होते. मामा, मामी आणि मी, तिघेही खाली पाहत राहिलो होतो. मामांच्या खिशात आता भाजलेल्या सोपेची पुडी असते. पुढच्या दुर्बीण तपासणीची तारीख मामींनी कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवली आहे.