एका दुआतली आठ संकटे

रमजानच्या संध्याकाळी इफ्तारची वेळ जवळ आली की मशिदीतले बोलणे आपोआप कमी होते. दस्तरखानावर खजूर, फळांच्या फोडी, पाण्याचे ग्लास मांडलेले असतात आणि त्यामागे ओळीने बसलेले रोजेदार हात पसरून पुटपुटत असतात. या घडीला मागितलेली दुआ वाया जात नाही, अशी श्रद्धा आहे. हे लोक नेमके मागतात तरी काय, असे कुतूहल शेजाऱ्यांना असते.

बरेचसे आपापल्या भाषेतच मागितले जाते. पण काही दुआ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याच शब्दांत पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आल्या आहेत. त्यातली एक हजरत अनस बिन मालिक (र.) यांनी सांगितलेली आहे. ते लहानपणापासून मदिनेत प्रेषितांच्या सेवेत होते. खैबरच्या मोहिमेत मुक्काम पडे तेव्हा हे शब्द प्रेषितांच्या तोंडी वारंवार ऐकू येत, असे ते सांगतात. 'सहीह बुखारी' या हदीससंग्रहात ही नोंद आहे.

मोहिमेवर असूनही या दुआत ना धन मागितले आहे, ना विजय. आठ गोष्टींपासून केवळ आश्रय मागितला आहे, तोही जोडीजोडीने. चिंता आणि दुःख, असमर्थता आणि आळस, कंजूषपणा आणि भित्रेपणा; शेवटी कर्जाचे ओझे आणि माणसांची दांडगाई.

चौदाव्या शतकातील दमास्कसचे विद्वान इब्न कय्यिम यांनी या जोड्या छान उलगडल्या आहेत. चिंता पुढे काय होईल याची, दुःख घडून गेलेल्याचे. हातून होतच नाही ती असमर्थता. होण्यासारखे असून करत नाही तो आळस. कंजूष माणूस पैशाने उपयोगी पडत नाही, भित्रा देहाने. आणि कर्जदाराला दाबणाऱ्याकडे निदान हक्क तरी असतो, दांडगाई करणाऱ्याकडे तोही नसतो.

भाषेची गंमत अशी, की चिंतेसाठी या दुआत आलेला 'हम्म' हा शब्द ज्या अरबी धातूचा, त्याच धातूतून आपले 'हिंमत' आणि 'मोहीम' आले. असमर्थतेच्या 'अज्ज'शी आपल्या 'अजिजी'चे नाते आहे. मराठी कानाला ही दुआ वाटते तितकी परकी नाही.

पण स्वभावदोषांच्या रांगेत कर्ज कसे? हजरत आयेशा (र.) यांच्या एका हदीसमध्ये याचे उत्तर सापडते. कर्जापासून इतक्या वेळा आश्रय का मागता, असे कुणीतरी प्रेषितांना विचारले. कर्जात सापडलेला माणूस बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो ते मोडतो, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. हप्ता थकल्यावर फोन न उचलणारा, 'सोमवारी नक्की देतो' म्हणणारा, सावकाराची गल्ली टाळून लांबच्या वाटेने घरी जाणारा माणूस कोणत्या गावात नाही? तो मुळात खोटारडा नसतो.

कुरआनने समोरच्या बाजूलाही बजावले आहे. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत द्या, सोडून दिलेत तर अधिक चांगले, असे सूरह बकरामध्ये आहे. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यात कर्जाखाली दबलेलेही आहेत. रमजानात घरोघरी अडीच टक्क्यांचा हिशेब होतो. मात्र जकात बहुधा दारात येणाऱ्याच्याच हाती पडते. कर्जाने पिचलेला शेजारी दारात येत नाही, त्याचा सदरा इस्त्रीचा असतो, म्हणून तो राहून जातो. ही चूक सर्रास होते. इफ्तारच्या ओळीत मात्र दोघे मांडीला मांडी लावून बसतात. एकाला कंजूषपणातून सुटायचे असते, दुसऱ्याला कर्जातून, आणि दुआ दोघांच्या ओठी तीच.

एकदा प्रेषितांसमोर एक जनाजा आणला गेला. मृताच्या डोक्यावर तीन दीनारांचे कर्ज होते आणि मागे काहीच नव्हते. प्रेषितांनी स्वतः नमाज पढवली नाही, सोबत्यांना पढायला सांगितले. तेव्हा हजरत अबू कतादा (र.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले, मग प्रेषित नमाजला उभे राहिले. आजही अनेक गावांत जनाज्याच्या नमाजआधी घरातला कुणीतरी, बहुतेकदा मुलगा, पुढे येतो आणि जमलेल्यांना सांगतो, की मरहूमांकडून कुणाचे काही येणे असेल तर आम्हाला येऊन भेटा.