अंगण खचलंय? ‘करून टाका’ म्हणण्याआधी थांबा!

शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटवरून सातारा नाहीतर सांगलीची गाडी पकडणाऱ्यांची एक खास जमात आहे. नोकरी हिंजवडीत किंवा खराडीत आणि आई-बाबा गावाकडच्या घरात. या जमातीला घरून येणाऱ्या फोनमध्ये बाबांचा मोतीबिंदू आणि शेजारच्यांचं लग्न उरकलं की एक विषय हमखास निघतो. ‘अरे, पार्किंगचा कोबा खचलाय. मिस्त्री म्हणतायत, सगळं फोडून नवीन करावं लागेल.’ आपण नेमके मीटिंगला निघालेलो असतो. ‘करून टाका, मी पैसे पाठवतो,’ म्हणतो आणि विषय संपतो.

तो खरं तर तिथे सुरू व्हायला हवा. कारण कोबा आपणहून खचत नाही, खालची माती त्याला सोडून जाते. वरचं काँक्रीट फोडून नवीन ओतलं आणि खालचं दुखणं तसंच राहिलं, तर दोन-तीन पावसाळ्यांत तोच फोन परत येतो. मधल्या काळात पायरी आणि कोबा यांच्यात दीड-दोन इंचांचा उंबरा तयार झालेला असतो. आपण तो उडी मारून ओलांडतो. सत्तरीतल्या आईला संध्याकाळच्या अंधारात तो दिसत नाही. म्हणून हा विषय फक्त घर छान दिसण्याचा नाही.

सातारा आणि सांगलीत अशी खचलेली अंगणं बघत फिरले, तेव्हा एक गोष्ट लगेच लक्षात आली. दुखणं दिसायला सारखं असलं, तरी दोन्ही गावांत त्याची कारणं वेगळी आहेत.

साताऱ्याचा उतार, सांगलीची काळी माती

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या आणि यवतेश्वरच्या बाजूला प्लॉट बऱ्याचदा उतारावर असतो. मग एक बाजू खोदायची, दुसरी भरायची. त्या भरावात मुरूम, दगड, जुन्या घराचं डबर, जे मिळेल ते जातं. नियम साधा आहे. सहा ते आठ इंचांचा थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमस किंवा रोलरने ठोकायचा आणि मगच पुढचा थर. घाईत डंपर थेट रिकामा होतो. मग न ठोकलेला भराव पुढचे काही पावसाळे आपोआप बसत राहतो आणि वरचा कोबा अधांतरी राहतो.

सांगलीची गोष्ट कृष्णाकाठच्या काळ्या मातीची. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी मिळालं की ते फुगतं, सुकलं की आकसतं. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच्यामुळेच. घराचे कॉलम खोलवर टेकलेले असतात, कोबा मात्र वरवरच्या मातीवर पसरलेला. त्यामुळे घर जागच्या जागी उभं राहतं आणि अंगण दरवर्षी थोडं वर-खाली होतं.

त्यात महापूर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याआधी २००५ आणि नंतर २०२१ चा पूरही सांगलीकर विसरलेले नाहीत. दिवसेंदिवस पाण्यात राहिलेला सैल भराव खाली बसतो आणि पाणी ओसरताना बारीक माती सोबत नेतं. घर धुऊन-पुसून चकाचक झालं, तरी फरशीखालची पोकळी राहून जाते.

न फोडता उचलता येतं?

येतं! अमेरिकेत खचलेले काँक्रीटचे रस्ते उचलायला १९३० च्या दशकापासून एक युक्ती वापरतात. स्लॅबला साधारण दीड-दोन इंचांची भोकं पाडायची, त्यातून माती-सिमेंटची रबडी दाबाने आत सोडायची. पोकळी भरते आणि स्लॅब हळूहळू वर येतो. याला म्हणतात मडजॅकिंग. फिनलंडमध्ये १९७० च्या दशकात याची हलकी आवृत्ती आली. यात रबडीच्या जागी पॉलियुरेथेनचा फोम, भोकं बोटाएवढी आणि फोम काही मिनिटांत फुगून घट्ट. सिमेंटची रबडी फोमच्या कित्येक पट जड असते. सैल भरावावर आणखी ओझं नको असेल, तर फोमचा हा फायदा मोठा.

आता रिअॅलिटी चेक. आपल्याकडे फोमचं काम मुख्यतः कारखान्यांच्या फ्लोअरिंगचं आणि रस्त्यांचं. एका पार्किंगसाठी मशीन आणि माणसं मोठ्या शहरातून आणायची, तर खर्चाचं गणित बऱ्याचदा जमत नाही. शिवाय स्लॅब अखंड हवा. चार इंचांचा, बिनसळईचा आणि पापडासारखा तुटलेला कोबा कुठलंही तंत्र सरळ उचलू शकत नाही. तो फोडावाच लागतो.

काळ्या मातीत एक धोका आणखी आहे. एप्रिलमध्ये माती आकसलेली असताना पोकळी गच्च भरली, तर जुलैमध्ये तीच माती फुगून स्लॅबला घराच्या पायरीपेक्षा वर ढकलू शकते. म्हणून आधी किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा मोजमाप घ्या. पायरी आणि कोबा यांच्यातलं अंतर पट्टीने मोजायचं, भिंतीवर पेन्सिलने खूण आणि तारीख टाकायची आणि फोटो फॅमिली ग्रुपवर. अंतर ऋतूप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर काळ्या मातीवर संशय घ्या. फक्त वाढतच असेल तर भराव बसतोय किंवा पाणी माती वाहून नेतंय.

आपला देशी फंडा

खरं तर आपल्या आजोबांच्या अंगणात लेव्हलिंगची सोय आधीच होती. शहाबादी फरशी खचली की चार फरश्या उचलायच्या, मुरूम भरायचा, ठोकायचा, पाणसळ लावून फरशी परत बसवायची. आजचे पेव्हर ब्लॉकही असेच निघतात आणि परत बसतात. महापुराच्या पट्ट्यात अंगण नव्यानेच करायचं असेल, तर अखंड कोब्यापेक्षा हा पर्याय जास्त शहाणपणाचा.

मुरुमामागे शास्त्रही आहे. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं, की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा पुरेसा जाड, ठोकलेला थर दिला की वरच्या बांधकामाला बसणारा धक्का खूप कमी होतो. कालव्यांच्या अस्तरांसाठी हे तंत्र वापरलं गेलं. योग्य प्रतीचा, थोडा चिकट मुरूम हेच काम करतो.

तुमची माती किती फुगते, याची टेस्टही सोपी आहे. चाळलेल्या कोरड्या मातीचे १०-१० ग्रॅमचे दोन भाग मापाच्या दोन नळ्यांत टाकतात, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींची तुलना करतात. पाण्यातली माती दीडपटीहून जास्त फुगली, तर ती हमरस्त्याच्या भरावालाही चालत नाही. सांगलीचं वालचंद कॉलेज आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, दोन्हीकडे सिव्हिलचा विभाग आहे. माती तपासणीबद्दल तिथे विचारून बघा.

पहिला खर्च पाण्यावर

बजेट कमी असेल, तर पहिला रुपया काँक्रीटवर घालू नका. गच्चीचा पावसाळी पाइप घराच्या कोपऱ्यातच मोकळा सुटतोय का? ड्रेनेजचं चेंबर किंवा जमिनीखालची टाकी गळतेय का? बागेचं पाणी जोत्यालगत मुरतंय का? हे आधी थांबवा. मग जोत्याभोवतीच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, दर ५० इंचांना साधारण १ इंच. नुसता पाइप गटारापर्यंत नेल्याने खचणं थांबू शकतं. मग वरचं काम सावकाश, पैसे जमवून करता येतं.

फोनवर विचारा हे ५ प्रश्न

१. हातोडीने टकटक केल्यावर कोब्याचा आवाज कुठे कुठे पोकळ येतो?

२. पाणी कुठून येतंय, ते मिस्त्रींनी शोधलं का?

३. फोडल्यावर खालचा भराव किती खोल काढणार, नवीन थर किती इंचांचे आणि ठोकणार कशाने?

४. कोटेशनमध्ये फोडणं, डबर उचलणं, मुरूम आणि काँक्रीट वेगवेगळं लिहिलंय का?

५. घराच्या भिंतीला तिरकी, वाढत जाणारी चीर आहे का? दारं अडकायला लागलीत का? उत्तर ‘हो’ असेल, तर कोब्याचा विषय बाजूला ठेवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा.

आणि काम सुरू व्हायला वेळ लागणार असेल, तर या वीकेंडला एवढं नक्की करा. त्या दीड इंचाच्या उंबऱ्यावर सिमेंटचा छोटा उतार करून घ्या, कडेला पिवळा पट्टा मारा आणि वर एक एलईडी लावा. एका पिझ्झाच्या आसपासच्या खर्चात आईचा पाय वाचतो.