इंग्रजी षष्ठीचे चिन्ह आणि मराठी अनुस्वार

इंग्रजी नामांच्या षष्ठीत योजिल्या जाणाऱ्या ‘अपॉस्ट्रॉफी’ या चिन्हाचे स्थान चुकणे, हा आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लेखनातही वारंवार आढळणारा दोष होय. तो निष्काळजीपणाचा समजून सोडून देण्याचा प्रघात आहे. परंतु पुष्कळ प्रसंगी त्याचे मूळ मराठी व्याकरणाच्या संस्कारात असते, आणि म्हणूनच त्यावरील उपायही मराठीतच सापडतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

शिवाजी पार्कच्या परिसरातील एखाद्या जुन्या इमारतीच्या मराठी कागदपत्राचे इंग्रजी भाषांतर करावयाचे आहे, असे समजू. त्यात ‘भाडेकरूचा हक्क’ असे असेल तर हक्क एकाचा. ‘भाडेकरूंचा’ असे असेल तर सर्वांचा. हा भेद केवळ एका बिंदूने होतो. इंग्रजीत हेच कार्य चिन्हाच्या स्थानावर सोपविलेले आहे: ते ‘एस’ या अक्षराच्या आधी आले तर भाडेकरू एक, नंतर आले तर अनेक. उच्चार मात्र दोन्ही ठिकाणी ‘टेनंट्स’ असाच होतो. येथे कानाचे साहाय्य मिळत नाही. निर्णय डोळ्यांनीच करावा लागतो. चिन्ह चुकले तर हक्काचा धनीच बदलतो.

या चिन्हाचा इतिहासही उद्बोधक आहे. प्राचीन इंग्रजीत अनेक नामांच्या षष्ठीच्या एकवचनाचा प्रत्यय स्वरयुक्त होता. पुढे तो स्वर उच्चारातून बहुधा लोपला. सोळाव्या शतकात अक्षरलोप दर्शविण्यासाठी हे चिन्ह इंग्रजीत आले, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस ते षष्ठीच्या एकवचनात रूढ होत गेले. ‘हिज’ या सर्वनामाचा संक्षेप होऊन हा प्रत्यय बनला, अशी एके काळी समजूत होती. ती निराधार आहे. अनेकवचनातील प्रयोग त्याही नंतरचा, अठराव्या शतकात स्थिरावलेला आहे. तेथे कोणतेही अक्षर लोपलेले नाही. ते चिन्ह केवळ अर्थभेदासाठी आहे.

मराठी अनुस्वाराची कथा याहून निराळी आहे. अनेकवचनी सामान्यरूपावरील बिंदू हा संस्कृत षष्ठीच्या ‘-आनाम्’ या अनेकवचनी प्रत्ययातील अनुनासिकाचा अवशेष होय. शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी ‘घरें’, ‘केलें’ यांसारख्या रूपांवरील अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. परंतु अनेकवचनी सामान्यरूपावरील अनुस्वार कायम ठेवला. तो अर्थास आवश्यक होता, हेच यावरून दिसते.

हे साम्य लक्षात घेतले असता आपल्या विद्यार्थ्यांच्या चुकांचे दोन प्रमुख प्रकार उलगडतात. पहिला प्रकार ‘चा-ची-चे’ या प्रत्ययामुळे घडतो. मराठीत हा प्रत्यय स्वामित्वाच्या वस्तूप्रमाणे बदलतो: मुलाचे पुस्तक, मुलाची पुस्तके. त्यामुळे पुस्तके अनेक झाली की चिन्हही पुढे सरकावे, असे विद्यार्थ्यास वाटते. इंग्रजी चिन्हास मात्र वस्तूच्या वचनाशी काही कर्तव्य नाही. ते केवळ स्वामीचे वचन सांगते.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. तो आदरार्थी बहुवचनाचा. शिवाजी पार्क हे मैदान १९२५ साली ‘माहीम पार्क’ या नावाने जनतेस खुले झाले, आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ साली, त्या काळी मानल्या जाणाऱ्या शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, त्यास सध्याचे रूढ नाव मिळाले. ‘अवंतिकाबाईंचा पुढाकार’, ‘महाराजांचा पुतळा’ असे आपण लिहितो, व तेथे अनुस्वार अनिवार्य आहे. परंतु व्यक्ती एकच आहे. इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नसल्याने चिन्ह ‘एस’च्या आधीच यावयास हवे. ‘मुख्याध्यापकांची खोली’ याचे भाषांतर करताना चिन्ह शेवटी टाकणारा विद्यार्थी अज्ञानी नसतो. तो मराठी शिष्टाचार इंग्रजीत पाळीत असतो.

यावरून एक सुलभ रीत सांगता येईल. प्रथम मराठी वाक्यात ‘चा-ची-चे’चा संबंध आहे की नाही हे पाहावे. ‘भाडेकरू आले’ येथे तो नाही. म्हणून केवळ अनेकवचनाच्या ‘एस’पूर्वी चिन्ह देऊ नये. संबंध असल्यास प्रत्ययाकडे न पाहता त्याच्या आधीच्या बिंदूकडे पाहावे, आणि तो बिंदू संख्येचा की आदराचा, याचा निर्णय करावा. नंतर स्वामिवाचक इंग्रजी नाम त्याच्या योग्य वचनात पूर्ण लिहावे. ते अनेकवचनी असून ‘एस’ने संपत असेल तर नुसते चिन्ह, अन्यथा चिन्ह व ‘एस’ द्यावे. ‘चिल्ड्रन’ हे रूप अनेकवचनी असूनही ‘एस’ने संपत नसल्याने तेथे चिन्ह आधी व ‘एस’ नंतर येतो. सर्वनामांची ‘इट्स’, ‘हर्स’ यांसारखी षष्ठीरूपे मात्र चिन्हरहित असतात.

स्थलनामांत रूढीच प्रमाण. शिवाजी पार्कलगतचा पूर्वीचा कॅडेल रोड अथवा खुद्द शिवाजी पार्क यांत षष्ठीच नाही. तेथे विशेषनाम विशेषणासारखे योजिले आहे. नजीकच्या माटुंग्यातील किंग्ज सर्कलमध्ये मात्र ती आहे, आणि राजा एक असल्याने चिन्ह ‘एस’पूर्वी येते.

परभाषेचे नियम पाठ करण्यापूर्वी स्वभाषेतील तत्सदृश नियम डोळसपणे पाहिला, तर दोन्ही भाषांचे लेखन शुद्ध होण्यास साहाय्य होते. जो विद्यार्थी ‘भाडेकरूंचा’ यावरील बिंदू सहज गाळतो, त्याचे इंग्रजी चिन्हही अस्थानी पडल्यास नवल नाही.