आधी काटा, मग कॅम्पर!

दणकट पिकअप घ्यायचा, मागे चाकांवरचं घर जोडायचं आणि सुटायचं... स्वप्न झक्कास आहे! पण शोरूममध्ये बुकिंगचा चेक फाडण्याआधी एकदा वजनकाट्यावर जाऊन या. आम्ही गोंदियात जाऊन आलो.

'कॅम्पर' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गोंदियात हा शब्द काढलात, तर समोरून दोनच प्रश्न येतात. एक, 'थंडा हवा की साधा?' कारण कॅम्पर म्हणजे लग्नाला आणि ऑफिसला येणारा पाण्याचा जार. दुसरा, 'माल किती आहे?' कारण कॅम्पर म्हणजे बोलेरो कॅम्पर. पुढे पाच माणसं, मागे हौदा, आणि सगळा जिल्हा तिच्यावर फिरतो. चाकांवरचं घर हा कॅम्परचा तिसरा अर्थ आमच्या घरात आणला तो माझ्या दादाने.

दादा पुण्यात आयटीत आहे. म्हणजे पगार चांगला, सुट्टी कमी आणि रात्री झोपताना मोबाइलवर ऑस्ट्रेलियातल्या कॅराव्हॅनचे व्हिडिओ! २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्याचा उत्साह आणखी वाढला. पण त्याचं हे खूळ नुसतं स्टाइलसाठी नाही. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. कमोड नसेल तिथे ते मुक्कामाला थांबत नाहीत आणि त्यांच्याशिवाय आई कुठे जात नाही. नवेगावबांधचा तलाव घरापासून तासा-दीड तासावर. हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी उतरतात. बाबांनी आयुष्यभर शाळेच्या सहली तिथे नेल्या, पण गेली तीन वर्षं तलाव पाहिलेला नाही. दादाचं गणित सोपं होतं. कमोड आणि पलंग आपणच बरोबर न्यायचा, की झालं!

योगायोग बघा, गोंदियातल्याच एका कंत्राटदाराकडे दोनचाकी ट्रेलरचं घर विकायला निघालं. साइटवर राहायला म्हणून त्याने ते एका वर्कशॉपमधून बांधून घेतलेलं. दोन पलंग, छोटा ओटा, बाथरूम. वजन? 'नऊशे किलो फक्त!' किंमत दादाच्या बजेटमध्ये. आता उरला फक्त ओढणारा पिकअप.

घोडे किती, हा प्रश्नच चुकीचा

पिकअप निवडायला बसलं की सगळे जण आधी पॉवर बघतात. आपल्याकडे पर्याय तसे मोजकेच. अमेरिकेतले फोर्ड एफ-२५० किंवा रॅम २५०० हे खरे 'हेवी ड्यूटी' पिकअप कंपन्या भारतात विकत नाहीत. आपल्याकडे चैनीच्या गटात २०१६ मध्ये आलेला इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेला टोयोटा हायलक्स. व्ही-क्रॉसचं १.९ लिटरचं डिझेल इंजिन १६३ पीएस आणि ३६० न्यूटन मीटर टॉर्क देतं. हायलक्सचं २.८ लिटरचं इंजिन २०४ पीएसचं. टॉर्क मॅन्युअलला ४२०, ऑटोमॅटिकला ५००. दुसऱ्या बाजूला कामाच्या गाड्या, म्हणजे बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धा. बोलेरो कॅम्परचं अडीच लिटरचं इंजिन पंच्याहत्तर हॉर्सपॉवरच्या आसपास आणि टॉर्क २००.

आकडे बघून दादाने हायलक्सवर बोट ठेवलं. ईएमआयचा आकडा बघून वहिनीने ते बोट बाजूला केलं. मी म्हटलं, भांडू नका, आधी ट्रेलरचं वजन करू. तांदळाच्या गावात वजनकाट्याला काय तोटा!

गोंदियाला 'राइस सिटी' म्हणतात ते उगाच नाही. राइस मिलला धानाचा ट्रक आला की भरलेला मोजायचा, रिकामा मोजायचा, वजाबाकी करायची. हा फंडा इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो. पिकअप आणि कॅम्परच्या दुनियेत लोक ज्याच्यावर जाडजूड पुस्तकं लिहितात, ते हेच!

काट्याच्या तीन पावत्या

कंत्राटदाराची बोलेरो कॅम्पर, मागे ट्रेलर, आणि आम्ही काट्यावर. तीन वेळा वजन केलं. तुम्हीही असंच करा.

पहिल्यांदा फक्त पिकअप, ड्रायव्हरसकट: १,८१० किलो.

दुसऱ्यांदा ट्रेलर जोडलेला, पण पिकअप काट्यावर आणि ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर: १,८५० किलो. म्हणजे ट्रेलरचा हुकावर पडणारा भार ४० किलो.

तिसऱ्यांदा दोन्ही पूर्ण काट्यावर: ३,०५० किलो. त्यातून पिकअप वजा केला की ट्रेलर १,२४० किलो.

नऊशे नव्हे, बाराशे चाळीस! तोही रिकामा. 'वर्कशॉपवाल्याने सांगितलं होतं,' असं कंत्राटदार पुटपुटला. काट्यावरचे काका पावती फाडत म्हणाले, 'भाऊ, काट्याले नातेवाईक नसते.'

आता त्यात संसार भरा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. घरगुती गॅसचं भरलेलं सिलिंडर तीस किलोंच्या आसपास. मोठी इन्व्हर्टर बॅटरी पंचावन्न. गाद्या, भांडी, खुर्च्या, ताडपत्री आणि आईच्या डब्यांचे धरा पंच्याहत्तर. झाले १,५०० किलो. म्हणजे सांगितलेल्या वजनापेक्षा सहाशे किलो जास्त!

पण खरी भीती पंधराशेची नव्हती, त्या चाळीसची होती.

शेपूट जेव्हा कुत्र्याला हलवतं

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार हुकावर असावा, असा अमेरिकेत रूढ असलेला ढोबळ नियम आहे. हा भार फार कमी असेल तर ट्रेलरचं वजन मागे झुकतं आणि वेगात तो डावी-उजवीकडे डोलायला लागतो. आधी थोडा, मग जास्त, मग पिकअपलाच फिरवतो. आमच्याकडे शेतकऱ्याला हे पुस्तकाशिवाय कळतं. ट्रॉलीत धानाची पोती सगळी मागे रचली, तर ट्रॅक्टरचा हूक वर उचलला जातो. म्हणून पुढे वजन ठेवायचं, पण बेतानं.

आमच्या हिशेबात १,२४० वर ४०, म्हणजे जेमतेम तीन टक्के. कारणही सापडलं. बाथरूम पार मागच्या टोकाला आणि पाण्याची टाकी तिच्याखाली. टाकी भरली की हुकावरचा भार आणखी हलका होणार. पिकअप कितीही घोड्यांचा घ्या, हा दोष तो दुरुस्त करत नाही.

आणि रस्ता कुठला? गोंदियाहून दक्षिणेला लांब कुठेही जा, राष्ट्रीय महामार्ग ५३ गाठावाच लागतो. नागपूर ते रायपूर, अवजड ट्रकांची रांग, देवरीच्या अलीकडे मासुलकसा घाट. शेजारून ट्रेलर ट्रक सुसाट गेला की हवेचा धक्का बसतो, तेव्हा मागच्या सीटवर आई-बाबा असतील, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि दादा पहिल्यांदा गप्प झाला.

ओढणं सोपं, थांबवणं अवघड

दुसरा धडा ब्रेकचा. त्या ट्रेलरला ब्रेक नव्हतेच! घाट चढताना इंजिनची परीक्षा होते, उतरताना ब्रेकची. समोर गाय आली आणि पिकअपने ब्रेक मारला, तर मागचे पंधराशे किलो धक्का मारतात.

जगभरचे नियम या बाबतीत कडक आहेत. युरोपात ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. ऑस्ट्रेलियात ऑटोमॅटिक फोर बाय फोर हायलक्सची ओढण्याची मर्यादा ३,५०० किलो आहे, पण ट्रेलरला ब्रेक असतील तरच. नसतील तर तीच गाडी, तेच इंजिन, मर्यादा फक्त ७५० किलो! एकाच वाक्यात सगळं आलं की नाही? अर्थात हे आकडे तिथल्या मॉडेलचे. इथली गाडी घेताना इथल्याच मॅन्युअलमधला आकडा बघायचा आणि तो डीलरकडून लेखी घ्यायचा. सेल्समनचं 'आरामात ओढेल सर' हा आकडा नाही.

मग पिकअप निवडायचा कसा?

तिसरा हिशेब बहुतेक लोक करतच नाहीत. पिकअप ट्रेलर ओढतो, तसं काही वजन पाठीवरही घेतो. दादा, वहिनी, आई, बाबा मिळून २६० किलो धरा. सामान ६०. हुकावर १५०, कारण पंधराशेचे दहा टक्के. झाले ४७० किलो. आता गाडीच्या प्लेटवरचं पूर्ण भरलेलं कमाल वजन घ्या, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उत्तर ४७० पेक्षा कमी आलं तर ओढायची ताकद शिल्लक असूनही गाडी ओव्हरलोड! हौद्यावर फायबरचं झाकण आणि लोखंडी गार्ड लावलात, तर तेही यातूनच वजा.

गंमत बघा, इथे साधी बोलेरो कॅम्पर भारी पडते. ती जवळपास टनभर माल उचलायला बनलेली. पण दोनशेच्या टॉर्कवर पंधराशे किलो घेऊन घाट चढायचा म्हणजे मागे हॉर्नची मैफल. शिवाय ती मालवाहू गाडी. पिवळी पाटी आणि ठरावीक काळाने फिटनेस तपासणी आली. लायसन्सची मात्र चिंता नको. ७,५०० किलोंच्या आतली मालवाहू गाडी साध्या लाइट मोटर व्हेइकल लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. उलट व्ही-क्रॉस आणि हायलक्सला पांढरी पाटी, चांगल्या सीट्स आणि चिखलातून निघायला फोर बाय फोर लो रेंज. तलावाकाठच्या ओल्या मातीत हे शेवटचं फार कामाचं.

म्हणजे निवड अशी ठरते. आधी भरलेल्या ट्रेलरचं वजन, मग हुकावरचा भार, मग ब्रेक, मग पाठीवरचं वजन आणि शेवटी इंजिन. आपण नेमकं उलट करतो.

आमच्या घरी काय ठरलं? हायलक्सचं बुकिंग थांबलं. कंत्राटदाराशी नवा सौदा झाला. पाण्याची टाकी आणि बॅटरी चाकांच्या पुढे सरकवायची, लोखंडी पलंग काढून प्लायवूडचे हलके बसवायचे, ट्रेलरला ब्रेक लावायचे आणि पुन्हा काट्यावर यायचं. भरलेलं वजन तेराशेच्या आत आलं, तर व्ही-क्रॉस पुरेल, असा दादाचा हिशेब. वहिनीलाही तो ईएमआय झेपतो. नाही आलं, तर ट्रेलरच घ्यायचा नाही. बाबांना हे सगळं ऐकवलं, तर ते शांतपणे म्हणाले, 'पक्षी दरवर्षी येतात रे. घाई नको.'

तुमच्यासाठी चेकलिस्ट

० ट्रेलरचं वजन विकणाऱ्याच्या तोंडून नको, काट्याच्या पावतीवर हवं. तेही पाणी, गॅस आणि सामान भरून.

० ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. त्याची आरटीओत नोंदणी आहे का बघा आणि इन्शुरन्स कंपनीलाही कळवा.

० हूक बंपरला नाही, चासीला बसवलेला हवा. सोबत सेफ्टी चेन आणि ट्रेलरचे इंडिकेटर, ब्रेक लाइट चालू हवेत.

० ट्रेलर डोलायला लागला तर घाबरून करकचून ब्रेक मारू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या. हा प्रसंगच नको असेल तर वेग आधीच आवरा.

० रिव्हर्सची प्रॅक्टिस मोकळ्या मैदानात करा. ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी डावीकडे. पहिल्या दिवशी घाम फुटतो!

० मुक्काम परवानगी असलेल्या जागीच. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाशेजारी कडेला गाडी लावून झोपणं म्हणजे ॲडव्हेंचर नव्हे.

वजन करायला लागतात शे-दोनशे रुपये आणि अर्धा तास. पिकअपला लागतात पाच-सात वर्षांचे हप्ते. तेव्हा बॉस, टेस्ट ड्राइव्हची अपॉइंटमेंट घ्याच, पण आधी जवळचा वजनकाटा कुठे आहे ते विचारा!