चोपण जमिनीची शुश्रूषा

सकाळीं चहाच्या पेल्यांत साखर ढवळतांना ती कोणत्या मातींतून आली, हा विचार आपल्यापैकीं फारच थोड्यांच्या मनांत येत असेल. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील पुष्कळसा ऊस कृष्णाकांठच्या काळ्या जमिनींत पिकतो. कऱ्हाडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघालेला कालवा एकोणिसाव्या शतकापासून या शेतांना पाणी देत आला आहे. पुढें नदीवरून उपसा करणाऱ्या योजनांची त्यांत भर पडली. परंतु ज्या पाण्यानें ही जमीन संपन्न केली, त्याच पाण्यानें तिचा कांहीं भाग नापीकही केला.

हें कसें घडतें? काळी माती चिकण असल्यामुळें तिच्यांतून पाणी सावकाश निथळतें. उसाला गरजेहून अधिक पाणी दिलें कीं भूजलाची पातळी चढते आणि विरघळलेले क्षारही वर येतात. उन्हानें पाणी उडून जातें. क्षार मागें राहतात. पांढरा थर दिसूं लागला म्हणजे जमीन खारवट झाली असें शेतकरी ओळखतो. पुढें सोडियम मातीच्या कणांना चिकटलें कीं ती चोपण होते : ओली असतां निसरडी, वाळली असतां दगडासारखी. हें दुखणें नवें नव्हे. साताऱ्याच्या उत्तर सीमेवरील नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींचा अभ्यास डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांनीं 1910 मध्येंच प्रसिद्ध केला होता.

उपचाराच्या पायऱ्या तीन आहेत आणि त्यांचा क्रम मोडून चालत नाहीं. पहिली निचऱ्याची. चर खणून किंवा जमिनीखालीं सच्छिद्र नळ घालून सांचलेलें पाणी बाहेर काढलें पाहिजे. एरवीं पुढचा सारा खर्च वायां जातो. दुसरी खनिजाची. माती तपासून योग्य तेवढें जिप्सम दिलें म्हणजे त्यांतील कॅल्शियम सोडियमला हुसकून त्याची जागा घेतें आणि सुटलेलें सोडियम निचऱ्यावाटें निघून जातें. तिसरी सेंद्रिय खताची : शेणखत, कंपोस्ट, साखर कारखान्यांतील प्रेसमड, किंवा फुलोऱ्याच्या सुमारास गाडलेला ताग अथवा धैंचा. हे पदार्थ कुजतांना जीं सौम्य आम्लें तयार होतात, तीं काळ्या मातींतलीच चुनखडी थोडीथोडी विरघळवून आणखी कॅल्शियम मोकळें करतात. खनिज आणि सेंद्रिय खत यांची जोडी जमते ती अशी.

या जोडीचें आणखी एक काम आहे. कॅल्शियम हें चिकणमातीचा कण आणि कुजलेला सेंद्रिय अंश यांच्यामध्यें दुव्यासारखें राहतें. असा बांधलेला कर्ब सूक्ष्म जंतूंना सहज खातां येत नाहीं. एक एकर जमिनीचा वरचा सहा इंचांचा थर सुमारें 9 लाख किलो भरतो. त्यांत सेंद्रिय कर्ब शेंकडा 0.1 नें वाढला, तर सुमारें 900 किलो कर्ब मातींत सांठला. म्हणजे 3,300 किलो कर्बवायु हवेंतून कमी झाला. मात्र हिशेब प्रामाणिक हवा. दुसरीकडून आणलेल्या खतांतील कर्बाची बहुधा केवळ जागा बदलते. खरी भर पडते ती शेतांतच वाढलेल्या तागानें आणि न जाळलेल्या पाचटानें. शिवाय उपचार थांबला कीं सांठाही झिजूं लागतो.

सर्वांत अवघड पायरी कोणती म्हणाल, तर पहिलीच. चराचें पाणी शेजाऱ्याच्या बांधावरून ओढ्यापर्यंत न्यावें लागतें. तेथें विज्ञानापेक्षां गांवाची एकी अधिक उपयोगी पडते. आणि शहरांतल्या आपण मंडळींनींही एक गोष्ट संभाळावी. आपल्या ओल्या कचऱ्याचें कंपोस्ट शेताला उपकारक आहे. पण त्यांत कांच, प्लॅस्टिक किंवा बॅटरीचे सेल मिसळले तर खताऐवजीं विष पोहोंचतें. मीठ निचऱ्यानें धुऊन काढतां येतें. मातींत मुरलेलें शिसें तसें धुऊन निघत नाहीं. तेव्हां मातीची शुश्रूषा आपल्या स्वयंपाकघरांतल्या टोपलीपासूनच सुरू होते.